सीट-कव्हरचं कात्रण चाकणला पोचवायचं, तर सुरुवात कटिंग टेबलापासून

विचारलंय ते थोडक्यात असं: भोसरी एमआयडीसीत कारखाना आहे, गाड्यांच्या सीटची कव्हरं आणि कंपन्यांचे युनिफॉर्म शिवले जातात. महिन्याला साधारण साडेतीन टन कात्रण निघतं आणि भंगारवाला ते सरसकट एका भावानं उचलतो. हे कात्रण चाकण-तळेगावच्या वाहन उद्योगाला किंवा आणखी कुणाला कच्चा माल म्हणून देता येईल का? आणि त्यासाठी पिंजणी यंत्र, म्हणजे कात्रण फाडून त्याचा तंतू करणारं यंत्र, स्वतः घ्यावं का?

देता येईल. मात्र आज ज्या गोण्या भरल्या जातात त्या तशाच कुणी घेणार नाही. एका गोणीत फोमचं लॅमिनेट, रेग्झीन, टेरिकॉट आणि कटरवरची प्लास्टिक फिल्म एकत्र आली की तिला गिऱ्हाईक भंगारवालाच. बहुतेक जण आधी गिऱ्हाईक शोधायला निघतात आणि तिथेच फसतात. घेणाऱ्याच्या यंत्राला काय चालत नाही ते आधी विचारा. त्याला काय हवंय ते नंतर. ती नकोशा वस्तूंची यादी घेऊन कटिंग टेबलाशी उभं राहिलात की निम्मं काम तिथेच होतं, कारण आपण कुठलं कापड कापतोय हे टेबलावरच्या माणसाला माहीत असतं. तेच कापड गोणीत पडल्यावर ओळखायला प्रयोगशाळा लागते.

तुमच्या मालाचे पाच ढीग होतात. पहिला, फोम न लावलेलं निव्वळ पॉलिस्टर. दुसरा, लॅमिनेट: वर पॉलिस्टरचं कापड, मध्ये २ ते ५ मिलिमीटर पॉलियुरेथेनचा (पीयू) फोम, खाली पातळ जाळी, आणि हे थर ज्वाळेवर फोमचा पृष्ठभाग वितळवून एकमेकांना चिकटवलेले. तिसरा, रेग्झीन. चौथा, युनिफॉर्मचं कॉटन आणि पॉलिस्टर-कॉटन. पाचवा, लायक्रा असलेलं काहीही. पाच रंगांच्या गोण्या टेबलाच्या पायाशी टांगा आणि लॉट बदलला की गोणी बदला. शिफ्ट संपल्यावर ढीग वेगळे करू म्हणाल तर ते होत नाही.

सगळ्यात जास्त वाव पहिल्या आणि चौथ्या ढिगाला आहे, आणि तो वाहन उद्योगातच. डॅशबोर्डमागचं आवाज अडवणारं जाड फेल्ट (न विणता तंतूंचा थर एकत्र धरून केलेलं कापड), पायाखालच्या कार्पेटचं अस्तर, डिकीतले आणि बॉनेटखालचे पॅड यांत कापड पिंजून काढलेला तंतू कितीतरी वर्षं वापरात आहे; धंद्यात त्याला शॉडी म्हणतात. आवाज शोषून घ्यायला तंतूचा रंग बघावा लागत नाही आणि लांबीही फार लागत नाही. सुताला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात. म्हणून ‘पुन्हा धागा काढू’ हा विचार तुमच्या मालासाठी मी बाजूला ठेवेन. पिंजून निघालेला तंतू बहुधा १० ते २५ मिलिमीटर भरतो. त्यात लांब पॉलिस्टर मिसळून ओपन-एंड सूतकताई यंत्रावर जाडंभरडं सूत निघतं, पण त्यासाठी रंगवार निवड लागते आणि एका रंगाचा भरपूर माल लागतो. पानिपतची घोंगडी आणि तिरुपूरचं होजियरी कात्रण यांचं गणित जमतं ते तिथे तसा माल डोंगरानं येतो म्हणून.

फेल्ट कसं बनतं हे कळलं की कुठली वस्तू का चालत नाही हे आपोआप कळतं. कात्रण आधी गिलोटीन किंवा रोटरी कटरवर ५ ते १० सेंटिमीटरचे तुकडे करून घेतात, दुसरा काप पहिल्याला आडवा. मग ते पिंजणी यंत्रात जातं. तिथे दातेरी सिलिंडर एकामागे एक असतात, पहिल्याचे दाते जाड आणि विरळ, पुढच्यांचे बारीक आणि दाट. निघालेल्या तंतूत २० ते ३० टक्के लो-मेल्ट पॉलिस्टर मिसळतात. या लो-मेल्ट तंतूचं बाहेरचं आवरण ११० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि गाभा मात्र नेहमीच्या पॉलिस्टरचा, म्हणजे २५५ अंशांच्या आसपास वितळणारा असतो. एअरले नावाच्या यंत्रावर हवेच्या झोतानं तंतूंचा थर पसरतात, तो १५० ते १८० अंशांच्या ओव्हनमधून जातो, आवरण वितळून बाकीच्या तंतूंना धरून ठेवतं, आणि थंड होताना जाडी पक्की होते. पूर्वी फिनॉल-फॉर्मल्डिहाइड राळेची भुकटी वापरत. वास आणि फॉर्मल्डिहाइड यांमुळे केबिनच्या आतल्या भागांना ती आता नकोशी झाली आहे.

आता कुठे काय बिघडतं ते बघा.

तुमच्याकडे व्हॅक्यूमचा ऑटोमॅटिक कटर असेल, तर थरावर एक पातळ पॉलिथिनची फिल्म आणि खाली छिद्रांचा कागद घालता. काप झाल्यावर हे दोन्ही कात्रणाबरोबरच खरवडून गोणीत जातं. कागद पिंजणीत धूळ होऊन निघून जातो. फिल्म मात्र लांब दोऱ्या होऊन तंतूत मिसळते, ओव्हनमध्ये वितळते आणि फेल्टमध्ये नखाएवढ्या कडक गाठी धरतात. मोल्डिंगनंतर त्या भागावर फोडासारख्या दिसतात. सीटच्या कात्रणाचा लॉट परत येतो तेव्हा आधी इथे शोधावं. उपाय साधा आहे: तुकडे उचलल्यावर आणि कात्रण खाली ढकलण्याआधी फिल्म गुंडाळून काढायची. थरामागे मिनिटभराचं काम, पण ते कुणाच्या तरी नावावर लावून द्यावं लागतं.

धातू हा दुसरा शत्रू. तुटलेली सुई, मार्करच्या (कापाचा नमुना आखलेल्या कागदाच्या) टाचण्या, झिपची टोकं. सिलिंडरचे दाते तर मोडतातच, शिवाय ठिणगी पडते, आणि पिंजणी खात्यात हवेत उडणारी कापसाची धूळ असते. शॉडीच्या कारखान्यांत आगी लागण्याचं हे एक मोठं कारण. घेणाऱ्याकडे चुंबक असेलच, पण चुंबकाला सुई सापडते, पितळेची झिप आणि ॲल्युमिनियमचं बटण सापडत नाही. म्हणून परत आलेले शिवलेले युनिफॉर्म कात्रणात कधीच टाकू नका. त्यांचा व्यवहारच वेगळा ठेवा.

लायक्रा तिसरी. ती पिंजली जात नाही, ताणली जाते. तुकडे दात्यांभोवती गुंडाळतात, तिथे घर्षणानं तापून चिकट होतात, आणि मग सिलिंडर थांबवून चाकूनं साफ करावा लागतो. थोडा अंश चालतो, किती ते यंत्रावर ठरतं; पण ‘थोडा’ कोण मोजणार? पाचवा ढीग वेगळाच ठेवा आणि तो फार तर उशा, सॉफ्ट टॉय किंवा बॉक्सिंग बॅगच्या भरावाला द्या. तिथे न पिंजता नुसता चिरून चालतो.

चौथी गोष्ट ओल. कापसाची प्रमाणित ओल ८.५ टक्के धरतात, पॉलिस्टरची ०.४. जुलैत शेडच्या फरशीवर ठेवलेली कॉटनची गोणी खालून दमट होते, बुरशी धरते, आणि तो वास ओव्हनमध्येही पूर्ण जात नाही. केबिनच्या भागांची वासाची चाचणी व्हीडीए २७० या जर्मन पद्धतीनं होते. त्यात नमुना गरम करून परीक्षक १ ते ६ गुण देतात (गुण जितके जास्त तितका वास वाईट), आणि ३ च्या वरचा भाग सहसा नाकारला जातो. म्हणजे भोसरीत लाकडी पॅलेट वापरलं नाही त्याची किंमत चाकणला चुकवावी लागते. गाठी जमिनीपासून चार बोटं वर, भिंतीपासून हातभर दूर, इतकं पुरतं.

आणि पाचवं, प्रमाण. कॉटन आणि पॉलिस्टर जळतात वेगवेगळे. गाडीच्या आतल्या साहित्याची आडवी ज्वलन-चाचणी होते. अमेरिकेच्या एफएमव्हीएसएस ३०२ मध्ये जळण्याचा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आपल्याकडे त्यासाठी आयएस १५०६१ हे मानक आहे. फेल्टवाल्यानं ६० टक्के पॉलिस्टर धरून भाग पास करून घेतला आणि तुम्ही पुढच्या महिन्यात कॉटनच जास्त पाठवलंत, तर नापास तो होतो. म्हणून पहिला आणि चौथा ढीग तुम्ही मिसळू नका. वेगळ्या गाठी द्या, मिसळणं त्याच्याकडे.

ओळखायच्या चाचण्या स्वस्त आहेत आणि प्रत्येक सुपरवायझरला यायला हव्यात. रेग्झीन पीव्हीसीचं की पीयूचं? तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, कापडाला टेकवा, पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. पॉलिस्टर की नायलॉन? मिठाचं संपृक्त पाणी करा, तळाशी न विरघळलेलं मीठ राहील इतकं. त्याची घनता सुमारे १.२ असते. नायलॉनची १.१४, पॉलिस्टरची १.३८. नायलॉन तरंगतं, पॉलिस्टर बुडतं. पण कापडात हवा अडकते आणि सगळंच तरंगतं, म्हणून आधी तुकडा साबणाच्या दोन थेंबांत चोळून पिळून घ्यायचा. फोम लावलेल्या तुकड्यावर ही चाचणी करायचीच नाही. पॉलिस्टर-कॉटनमधलं नेमकं प्रमाण हवं असेल, तर ७० ते ७५ टक्के सल्फ्युरिक आम्लात कॉटन विरघळवून उरलेलं पॉलिस्टर तोलतात. ते कारखान्यात करू नका, प्रयोगशाळेकडे द्या.

रेग्झीनबद्दल थोडक्यात आणि ठाम: पीव्हीसीचा एकही तुकडा फेल्टच्या गाठीत जाता कामा नये. ओव्हनच्या तापमानात त्यातला प्लास्टिसायझर (मऊपणा आणणारं रसायन) सुटतो, पुढे गाडीच्या काचेवर आतून तेलकट धुकं धरतं. आणखी तापलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ. सिमेंटच्या भट्टीलाही क्लोरीन नकोच असतं, त्यामुळे ‘उरलेलं जाळायला देऊ’ हा मार्गही रेग्झीनला सोपा नाही. ते पीव्हीसीच्याच धंद्यात जावं: दळून मॅट, बुटांचे तळ, जाड शीट. आतलं कापड तिथे भराव म्हणून राहतं. हातभर लांबीचे तुकडे मात्र दळू नका, टूलकिट आणि पिशव्या शिवणारे घेतात.

लॅमिनेटचे थर सुटे करायचा नाद सोडा. ज्वाळेवर जुळलेला फोम कापडापासून सोलण्याची मजुरी मालाच्या किमतीत बसत नाही. त्याला रीबॉन्ड फोमवाले आहेत. ते तुकडे दळून त्यात वजनाच्या ५ ते १० टक्के पॉलियुरेथेन बाइंडर फवारतात, साच्यात दाबतात, वाफ देतात आणि ठोकळा तासून पातळ पट्टे काढतात. गाद्यांचा कडक थर, जिमच्या मॅट, कार्पेटखालचं अस्तर यांत तो जातो. यात कापडाचा वाटा वाढला की लवचीकता मरते, म्हणून २ मिलिमीटर फोमच्या लॅमिनेटपेक्षा ५ मिलिमीटरचं त्यांना आवडतं. दोन्हींच्या गोण्या वेगळ्या भरल्यात तर भावात फरक मागता येतो. हे सहसा कुणी मागत नाही.

चौथ्या ढिगातलं निव्वळ कॉटन आणखी जवळ खपतं. पिंपरी-चिंचवडच्या मशिनशॉपना पुसायला कापड लागतं आणि ते बाहेरून येतं. अट एवढीच की ते तेल आणि पाणी प्यायला हवं. पॉलिस्टर जास्त असलेलं टेरिकॉट नुसतं तेल पसरवतं. साधारण ३० सेंटिमीटरच्या वरचे तुकडे पाच-दहा किलोच्या बंडलात द्या. इथे एक कायद्याची गोष्ट तुमच्या गिऱ्हाइकाच्या लक्षात आणून द्या: तेलानं माखलेलं तेच फडकं २०१६ च्या घातक कचरा नियमांत पहिल्या अनुसूचीच्या ३३.२ या वर्गात येतं. ते भंगारात विकता येत नाही, अधिकृत केंद्रातच पाठवावं लागतं. त्यामुळे वापरलेली फडकी ‘परत घेतो’ असं आश्वासन विक्री वाढवायला कधीही देऊ नका.

आता व्यवहाराकडे. समजा पहिला आणि चौथा ढीग मिळून महिन्याला दोन टन भरतात. पिंजताना दहा टक्के धुळीत गेले तर १८०० किलो तंतू. दीड किलो प्रति चौरस मीटर वजनाचं आणि १.२ चौरस मीटरचं एक फेल्ट धरलं तर त्याचं वजन १.८ किलो, ७५ टक्के शॉडी म्हणजे १.३५ किलो. तुमच्या महिन्याभराच्या कात्रणातून साधारण १३३० भाग होतील. मोठ्या गाडी कारखान्याला हे आठवडाभरही पुरणार नाहीत. फेल्टवाला एवढ्याशा मालासाठी आपली मिश्रणाची कृती बदलणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

तेव्हा एकट्यानं जाऊ नका. भोसरी, चिखली भागातले शिवणकाम करणारे पाच-सहा कारखाने मिळून एकाच ढिगापासून सुरुवात करा. पॉलिस्टरपासून केलीत तर सोपं. पुढे बारामतीच्या टेक्सटाइल पार्कसारख्या ठिकाणचा माल जोडता येईल. एक गाठींचा प्रेस सामायिक घ्या. सुटं कात्रण घनमीटरला ८० किलोच्या आसपास बसतं, दाबलेली गाठ ३०० च्या आसपास. तीस घनमीटरच्या ट्रकमध्ये सुटं कात्रण जेमतेम २४०० किलो मावतं, गाठी ९ टन. भाडं तेवढंच. प्रत्येक गाठीवर कार्ड हवं: कुठला कारखाना, कुठला ढीग, तारीख, वजन. सहा जणांच्या गाठींत एक रेग्झीनची निघाली, तर कार्ड नसताना सहाही जण दोषी ठरतात आणि सहकार्य तिथेच संपतं. समूहात कुणी एअरबॅगचं कापड कापत असेल तर ते बहुधा नायलॉन ६६ असतं. इंजिनिअरिंग प्लास्टिकवाल्यांना त्याची किंमत कळते, ते फेल्टमध्ये घालणं म्हणजे नुकसान. शिवून नाकारलेल्या एअरबॅग मात्र चिरल्याशिवाय आवाराबाहेर जाऊ देऊ नका.

भंगारवाल्याला यातून वगळू नका, असं माझं मत आहे. जागा, टेम्पो आणि निवडणारे हात त्याच्याकडे आहेत. गाठी बांधणं आणि पोचवणं त्याला किलोमागे ठरवून द्या. नाहीतर तो शेजारच्या कारखान्याला रोख चार पैसे जास्त देऊन तुमचा समूह महिन्याभरात फोडेल.

चाचणी ३०० ते ५०० किलोंची करा आणि ती पिंजताना तिथे उभे राहा. तीन वजनं घ्या: आत गेलेलं, तंतू म्हणून निघालेलं, खाली पडलेलं. मिश्रणाच्या लहान चाचण्यांसाठी इचलकरंजीच्या डीकेटीई या वस्त्रोद्योग महाविद्यालयात नॉनवोव्हनचं, म्हणजे न विणलेल्या कापडाचं, केंद्र आहे. तयार भागाच्या चाचण्यांसाठी कोथरूडची एआरएआय ही वाहन संशोधन संस्था आहे. एक लक्षात ठेवा, वाहन उद्योगात पुरवठादारानं कच्चा माल बदलला की त्या भागाचा पीपॅप (भाग मंजूर करून घेण्याची कागदपत्रं आणि नमुने) पुन्हा द्यावा लागतो, आणि त्याला महिने लागतात. म्हणून चालू भागात घुसायची घाई करू नका. नवीन मॉडेलचा भाग विकसित होत असतो तेव्हा तुमचा तंतू त्याच्या मिश्रणात लिहून घ्या. तोवर गाठी कमी कटकटीच्या कामाला जाऊ द्यात: पॅकिंगचं फेल्ट, गादीचा थर, शेडच्या पत्र्याखालचं अस्तर.

करारात भावापेक्षा नकाराची कलमं महत्त्वाची. ओल किती, ती कुठे मोजायची, वजनकाटा कुणाचा, पीव्हीसी सापडलं तर गाठ परत की पूर्ण ट्रक परत, परतीचं भाडं कुणाचं. सुरुवातीला असे आकडे लिहा: पीव्हीसी आणि धातू शून्य, ओलीची मर्यादा कॉटन आणि पॉलिस्टरला वेगवेगळी, पॉलिस्टरच्या गाठीत इतर तंतू १० टक्क्यांच्या आत. भाव तिमाहीनं ठरवा आणि नव्या पॉलिस्टर तंतूच्या भावाशी जोडा, म्हणजे कच्चं तेल स्वस्त होऊन पॉलिस्टर उतरलं तरी भांडण होत नाही. घेणाऱ्याचं प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र मागा आणि त्यात कच्चा माल म्हणून कापडाचं कात्रण किती टन लिहिलंय ते वाचा. बिलावर मालाचा एचएसएन क्रमांक चिंध्या म्हणून ६३१० लावता की पिंजलेला कापूस म्हणून ५२०२, हे सीएला विचारून एकदाच ठरवा; सहा कारखान्यांची सहा नावं नकोत. पुढे कुणाला जीआरएस, म्हणजे पुनर्वापर केलेल्या मालाचं, प्रमाणपत्र लागलं तर कात्रण कुठून आलं याचं घोषणापत्र तुमच्याकडून मागतील, आणि त्यात स्वतःच्याच प्रक्रियेत परत घातलेला माल मोजत नाहीत. सीटच्या कापडावर गाडी कंपनीचा लोगो किंवा चालू डिझाइन असेल, तर तुमच्या ऑर्डरच्या अटींत ते कसं नष्ट करायचं हे बहुधा लिहिलेलं असतं; चिरून दिल्याचा पुरावा ठेवा.

राहिला पिंजणी यंत्राचा प्रश्न. ताशी २०० किलोचं लहान यंत्र धरलं तरी आठ तासांच्या एका पाळीत, महिन्याला २५ दिवसांत ते ४० टन पिंजतं. तुमचे साडेतीन टन सगळेच्या सगळे पिंजण्याजोगे धरले तरी ते साडेसतरा तासांत संपतात, म्हणजे दोन पाळ्या आणि थोडं. उरलेले दिवस यंत्र, धूळ ओढणारी यंत्रणा, ठिणगी पकडणारे सेन्सर आणि विम्याचा हप्ता हे सगळं बसून खाणार. प्रेस घ्या, आणि पिंजून हवंच असेल तर जॉबवर्कच्या चलनावर पाठवून तंतू परत मागवा; जीएसटीत त्यासाठी एक वर्षाची मुदत मिळते. समूहाचा एकाच ढिगाचा माल महिन्याला २५ टनांच्या वर सलग सहा महिने गेला, तर यंत्राचं कोटेशन मागवा, आणि तेही शिवण खात्याच्या छताखाली बसवू नका.